भरपाई चालू, तरी गेन हलतोय: एसआयपीएमच्या तापमानाच्या तक्रारीचा छडा

तक्रार साधारण अशी असते. एसआयपीएमला (सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर, एकेक फोटोन टिपणारा प्रकाशाचा सेन्सर) तापमानाप्रमाणे बायस, म्हणजे त्याला दिलेलं व्होल्टेज, बदलणारं सर्किट लावलं, डेटाशीटमधला गुणांक (अंशामागे किती मिलिव्होल्ट वाढवायचे तो आकडा) घातला, पहिले दोन दिवस आलेख सरळ आला आणि तिसऱ्या दिवशी दुपारी म्यूऑनचा (अवकाशी किरणांतून येणाऱ्या कणांचा) पीक पुन्हा खाली. मग माणूस गुणांक थोडा वाढवतो. ५४ चे ५६, ५६ चे ६०. उतार दिसेनासा झाला की खूश होतो, आणि पावसाळा लागला की सगळं उलट दिशेला हलायला लागतं. हे मी स्वतः अख्खा एक उन्हाळा केलंय, म्हणून आधीच सांगतो: गुणांकाला हात सगळ्यात शेवटी लावायचा.

ज्यांना मूळ गणित माहीत आहे त्यांनी पुढचा परिच्छेद सोडला तरी चालेल.

एसआयपीएम म्हणजे ब्रेकडाउनच्या (इलेक्ट्रॉनांचं हिमस्खलन सुरू होतं त्या व्होल्टेजच्या) वर ठेवलेल्या शेकडो-हजारो छोट्या सेलची जाळी. एका फोटोनने एक सेल पेटला की त्यातून ठरावीक विद्युतभार बाहेर पडतो, हाच गेन: सेलची कपॅसिटन्स गुणिले ओव्हरव्होल्टेज. ओव्हरव्होल्टेज म्हणजे तुम्ही दिलेला बायस वजा ब्रेकडाउन व्होल्टेज. गडबड इथेच आहे. तापमान वाढलं की सिलिकॉनची जाळी जास्त थरथरते, इलेक्ट्रॉन पुरेसा वेग पकडायच्या आतच धडकतो, आणि हिमस्खलन सुरू करायला जास्त व्होल्टेज लागतं. हामामात्सु कंपनीच्या एस१३३६० मालिकेत ब्रेकडाउन ५३ व्होल्टच्या आसपास असतं आणि अंशामागे ५४ मिलिव्होल्टने वाढतं. बायस तोच ठेवला तर ही वाढ सरळ ओव्हरव्होल्टेजमधून वजा होते. ५० मायक्रॉन सेलच्या सेन्सरला शिफारस आहे ३ व्होल्ट ओव्हरव्होल्टेजची, म्हणजे अंशामागे १.८ टक्के गेन गेला. पहाटे २२ अंश आणि दुपारी ३४ असतील तर ६४८ मिलिव्होल्ट गेले, गेन पाचव्या हिश्शाहून जास्त पडला. वर फोटोन पकडायची क्षमताही ओव्हरव्होल्टेजबरोबर घटते, त्यामुळे प्रत्यक्ष सिग्नल त्याहून जास्त बसतो.

आता याच गणितातून एक कामाची गोष्ट निघते, जी मला फार उशिरा सुचली. समजा भरपाई चालू आहे, पण गुणांक चक्क १० टक्के चुकलाय. म्हणजे अंशामागे ५.४ मिलिव्होल्टची चूक, ३ व्होल्टवर ०.१८ टक्के. तापमान दहा अंश हललं तरी गेन १.८ टक्केच हलेल. तुमचा गेन पाच अंशांत चार टक्के हलत असेल तर तो गुणांक चुकल्याने हलत नाहीये. दुसरं काहीतरी आहे. गुणांक पिळून तुम्ही ते दुसरं काहीतरी झाकताय, एवढंच.

सेन्सएलच्या, म्हणजे आताच्या ऑनसेमीच्या, सी आणि जे मालिकेच्या सेन्सरवाल्यांना हा त्रास कमी असतो. तिथे अंशामागे २१.५ मिलिव्होल्टच लागतात, आणि ५ व्होल्ट ओव्हरव्होल्टेजवर चालवलं तर गेन अंशामागे ०.४३ टक्के हलतो. कॉस्मिक वॉचसारखा छोटा डबा बनवून नुसते म्यूऑन मोजायचे असतील तर भरपाईच्या भानगडीत पडूच नका.

आधी नक्की काय हलतंय ते बघा

‘गेन हलतोय’ म्हणणाऱ्या दहापैकी निम्म्या लोकांनी गेन मोजलेलाच नसतो. त्यांनी म्यूऑनचा पीक बघितलेला असतो, नाहीतर एलईडीच्या पल्सची सरासरी, नाहीतर मिनिटाला किती ट्रिगर (ठरावीक उंचीच्या वरचे पल्स) आले तो आकडा. तिन्हीत गेनशिवाय बरंच काही मिसळलेलं असतं.

म्यूऑनच्या पीकमध्ये सिंटिलेटरचा (कण आरपार गेला की चमकणाऱ्या पदार्थाचा) प्रकाश, फायबरचा जोड आणि फोटोन पकडायची क्षमता सगळं येतं. प्लास्टिक सिंटिलेटर तापमानाला बराच सोशिक असतो, पण बीजीओचा (बिस्मथ जर्मनेटचा) क्रिस्टल लावला असेल तर त्याचा प्रकाशच अंशामागे जवळपास एक टक्का कमी होतो आणि तुम्ही बिचाऱ्या सेन्सरला दोष देत बसता. एलईडी तर स्वतःच गरम झाल्यावर मंद होतो. एलईडी स्थिर आहे असं धरून गेनची भरपाई जुळवली, तर तुम्ही एलईडीची भरपाई केलीत.

ट्रिगरचा दर सर्वांत फसवा. म्यूऑनची संख्या हवेच्या दाबावर अवलंबून असते, हेक्टोपास्कलमागे साधारण ०.१ ते ०.२ टक्के, दाब वाढला की संख्या कमी. आपल्याकडे दाबाला रोजचा दुहेरी हेलकावा असतो: सकाळी दहाच्या आणि रात्री दहाच्या सुमाराला चढ, मधे उतार. हा ताल दरात दिसला तर खरं तर आनंद व्हायला हवा, तुमचा डिटेक्टर चांगला चाललाय.

गेन मोजायची खरी पद्धत एकच: फिंगर प्लॉट. एलईडी इतका मंद करा की पल्समागे सरासरी एक-दोन फोटोनच यावेत, आणि चार्जचा हिस्टोग्राम काढा. कंगव्याच्या दातांसारखे पीक दिसतात: शून्य, एक, दोन, तीन फोटोइलेक्ट्रॉन, म्हणजे तेवढे सेल पेटले. दोन दातांमधलं अंतर म्हणजे गेन. पीकची जागा नव्हे, अंतर. बेसलाइन सरकली तरी अंतर तेच राहतं, एलईडी मंदावला तरी दातांची उंची बदलते, अंतर नाही. मी शून्याचा पीक सोडून एक ते चार यांना सरळ रेषा बसवतो, कारण शून्याच्या पीकमध्ये इलेक्ट्रॉनिक्सचे स्वतःचे नखरे असतात. एलईडी नसेल तर सेन्सरच्या डार्क पल्सवरही (अंधारातही आपोआप येणाऱ्या) हे जमतं, फक्त एक आणि दोनचे दात मिळतात.

हे अंतर दर दहा मिनिटांनी एकदा नोंदवा. सोबत तापमान, बायसचं प्रत्यक्ष मोजलेलं व्होल्टेज आणि बायस लाइनमधला करंट. हे चार रकाने नसतील तर पुढचं काही वाचून उपयोग नाही.

आलेख घड्याळासमोर काढू नका

सगळे जण गेन वेळेसमोर काढतात. त्यात काहीच कळत नाही, कारण दिवसा तापमानही वाढतं, उजेडही वाढतो, माणसंही वाढतात. गेन तापमानासमोर काढा, आणि ठिपके वेळेच्या क्रमाने रेघेने जोडा.

रेघ एकच आणि खाली झुकलेली आली, तर भरपाई कमी पडतेय. एकच आणि वर चढणारी आली, तर जास्त होतेय. हे दोन्ही रोग गुणांकाचे, सोपे.

ठिपक्यांचा फुगीर फेरा झाला, म्हणजे सकाळी चढताना ३० अंशांवर गेन एक आणि संध्याकाळी उतरताना त्याच ३० अंशांवर दुसरा, तर तुमचा थर्मामीटर सेन्सरचं तापमान सांगतच नाहीये. त्याच तापमानाला सकाळी गेन जास्त आणि संध्याकाळी कमी असेल तर थर्मामीटर पुढे पळतोय: तो डब्याच्या पत्र्यावर आहे, पत्रा लवकर तापला, आतला एसआयपीएम अजून गार आहे, आणि तुम्ही त्याला आधीच जास्तीचं व्होल्टेज देऊन बसलात. उलट असेल तर थर्मामीटर मागे रेंगाळतोय. कुठल्याही गुणांकाने हा फेरा मिटत नाही, नुसता तिरका होतो. माझा ५४ चा ६० झाला तो असाच. उन्हाळ्यात दिवसभरात तापमान बरंच हलायचं, मी फेऱ्याचा मधला अक्ष आडवा केला आणि समजलो जिंकलो.

इलाज वायरिंगचा आहे. थर्मिस्टर किंवा आयसी एसआयपीएमच्या बोर्डावरच, शक्यतो त्याच्या ग्राउंडच्या तांब्यावर, थर्मल पेस्ट लावून. हवेत लोंबकळता नको. रेग्युलेटर आणि प्रीअँप (सिग्नल वाढवणारं सर्किट) त्या बोर्डापासून लांब. आणि चालू केल्यावर पहिला पाऊण तास डेटा फेकून द्या, बंद डब्यात सगळं एका तापमानाला यायला तेवढा वेळ लागतोच.

इथे एक गैरसमज दूर करतो. लोक महागडा, अचूक थर्मामीटर शोधत बसतात. तुमचा थर्मामीटर कायम अर्धा अंश जास्त दाखवत असेल तर काही बिघडत नाही, कॅलिब्रेशनमध्ये तो अर्धा अंश आपोआप जिरतो. बिघडतं ते तो आज अर्धा आणि उद्या पाऊण दाखवायला लागला तर.

रविवारी न येणारा आजार

थर्मिस्टर हलवल्यावर फेरा मिटला. तरी गेन रोज सकाळी साडेदहाच्या सुमाराला सुमारे ४ टक्के खाली बसायचा आणि संध्याकाळी सहानंतर वर यायचा. चढ-उतार हळूहळू नाही, पायरीसारखा. तापमानाला पायऱ्या नसतात, एवढ्यावरून शहाण्याला कळायला हवं होतं. मला कळलं ते तीन आठवड्यांचा डेटा एकाखाली एक लावल्यावर. रविवारी पायरी नाही. गुरुवारी लाईट गेलेली असते तेव्हा दुपारभर, यूपीएसवर डिटेक्टर चालू असताना, पायरी नाही. रविवारी ऊन काही कमी पडत नाही.

लॅबमधल्या मामांना विचारलं, सकाळी आल्यावर तुम्ही काय काय चालू करता? ते म्हणाले, “काय करणार सर, ट्यूबा लावतो.”

डबा काळ्या कागदात गुंडाळलेला, वर काळी टेप, सगळं साग्रसंगीत. पण फायबर जिथून बाहेर येतात त्या कनेक्टरच्या कडेला टेप सुटून नखाएवढी फट पडली होती. तिथून ट्यूबलाइटचा उजेड आत. थ्रेशोल्ड (त्याखालचे पल्स मोजायचे नाहीत ती मर्यादा) चार फोटोइलेक्ट्रॉनच्या वर आणि दोन पट्ट्यांचा कोइन्सिडन्स, म्हणजे दोन्हीत एकाच वेळी पल्स हवा, त्यामुळे ट्रिगरच्या दरात काहीच दिसत नव्हतं. करंटमध्ये मात्र स्वच्छ दिसत होतं. ३ मिलिमीटरच्या एका सेन्सरचा अंधारातला करंट ०.१४ मायक्रोअँपियरच्या आसपास असतो. आमचे आठ सेन्सर एका लाइनवर, म्हणजे जेमतेम १.१ मायक्रोअँपियर. ट्यूब लागली की तो १२ व्हायचा. आणि त्या लाइनवर मीच मोठ्या कौतुकाने आवाज गाळायला १० किलोओहमचा रेझिस्टर टाकला होता. १२ मायक्रोअँपियर गुणिले १० किलोओहम म्हणजे १२० मिलिव्होल्ट. ३ व्होल्टपैकी बरोबर ४ टक्के.

पॉवर सप्लाय इमानदारीत ठरलेलं व्होल्टेज देत होता. ते सेन्सरपर्यंत पोचत नव्हतं. म्हणून वर म्हटलं की प्रत्यक्ष मोजलेलं व्होल्टेज नोंदवा, आणि ते रेझिस्टरच्या अलीकडे नाही, सेन्सरच्या बाजूला. फक्त साध्या मल्टिमीटरची १० मेगाओहमची इनपुट स्वतःच ५ मायक्रोअँपियरहून जास्त करंट खाते हे लक्षात ठेवा. मीटर लावला की रीडिंगच बदलतं. आम्ही अखेर करंटवरून गणित करायचं ठरवलं.

फट शोधायची युक्ती: खोलीत पूर्ण अंधार करा, एक जण करंटवर डोळा ठेवून बसेल, दुसऱ्याने मोबाइलचा टॉर्च डब्याच्या प्रत्येक कडेवरून गोगलगायीच्या वेगाने फिरवायचा. करंट उसळला तिथे बोट ठेवा. आम्हाला एक नाही, तीन फटी सापडल्या.

हा काही आमच्याच गरीब लॅबचा प्रकार नाही. स्पेनच्या ला पाल्मा बेटावरच्या फॅक्ट या गॅमा किरणांच्या दुर्बिणीत २०११ पासून १४४० एसआयपीएमचा कॅमेरा आहे. तिथे तर उघड्या आकाशाचा उजेड मुद्दामच आत घ्यायचा असतो. चांदणं वाढलं की करंट वाढतो, रेझिस्टरवर व्होल्टेज पडतं, गेन घसरतो. त्यांनी बायसची भरपाई नुसत्या तापमानावर न ठेवता करंटवरही ठेवली, आणि म्हणून ती दुर्बीण चांदण्या रात्रीही निरीक्षण करते. तुमच्या रेझिस्टरची किंमत माहीत असेल तर हीच दुरुस्ती एका ओळीच्या कोडमध्ये बसते: ठरलेल्या बायसमध्ये करंट गुणिले रेझिस्टर मिळवा. पण आधी टेप लावा.

कोडमधले दोन सापळे

डीएस१८बी२० हा थर्मामीटर सगळ्यांकडे असतो, स्वस्त आणि डिजिटल. त्याची एक खोड आहे. वीज आल्यावर पहिलं मोजमाप पूर्ण व्हायच्या आत रीडिंग मागितलं तर तो ८५ अंश सांगतो. बारा बिटांच्या मोजमापाला पाऊण सेकंद लागतो, आणि घाईत लिहिलेला कोड तेवढा थांबत नाही. भरपाईच्या सूत्राने ८५ वजा २५ म्हणजे ६० अंश, गुणिले ५४ मिलिव्होल्ट, म्हणजे बायस ३.२ व्होल्टने वर. ओव्हरव्होल्टेज एका झटक्यात दुप्पट. सेन्सर बहुधा वाचतो, पण त्या मिनिटाचा डेटा कचरा असतो आणि का ते कोणालाच कळत नाही. वायर सुटली तर अर्डुइनोची नेहमीची लायब्ररी उणे १२७ अंश देते. मग बायस ८ व्होल्टने खाली, ब्रेकडाउनच्याही खाली, डिटेक्टर गाढ झोपलेला. दोन्हीवर इलाज एकच: १० ते ४५ अंशांबाहेरचं रीडिंग आलं तर मागचंच व्होल्टेज ठेवायचं, आणि एका मिनिटात बायस ५० मिलिव्होल्टहून जास्त हलवायचा नाही. खोलीचं तापमान याहून वेगाने बदलतच नाही.

दुसरा सापळा दिशेचा. एसआयपीएम वाचायला सिटिरॉकसारख्या चिप वापरत असाल तर प्रत्येक चॅनेलचा बायस बारीक जुळवायला ८ बिटांचा डॅक (आकड्याचं व्होल्टेज करणारा भाग) असतो. हा डॅक सेन्सरच्या दुसऱ्या टोकाचं व्होल्टेज उचलतो, त्यामुळे डॅक वाढवला की ओव्हरव्होल्टेज कमी होतं. चिन्ह उलटं घातलं की भरपाई तापमानाच्या बदलाला दुप्पट करते. लक्षण ओळखायला सोपं आहे: भरपाई बंद केल्यावर गेन जास्त स्थिर दिसतो.

आता गुणांक

एवढं सगळं झाल्यावरही रेघ झुकलेली असेल तर गुणांक स्वतः मोजा. डेटाशीटचा ५४ हा नमुना आकडा आहे, शिवाय तुमच्या प्रीअँपचाही थोडा तापमान-बदल असतो, आणि तुम्हाला तर अख्खी साखळी स्थिर हवीय.

तापमानाचे तीन-चार टप्पे घ्या. क्लायमेट चेंबर नसेल तर थर्माकोलच्या खोक्यात ६० वॉटचा जुना बल्ब खोक्याच्या दुसऱ्या टोकाला, पत्र्याच्या आडोशाने, आणि कडेला बर्फाची पिशवी, हेही चालतं. प्रत्येक टप्प्यावर तासभर थांबायची तयारी हवी. उजेड आत जात नाही हे करंटवरून आधी तपासा, नाहीतर पुन्हा ट्यूबचीच गोष्ट. प्रत्येक टप्प्यावर भरपाई बंद ठेवून चार-पाच बायसवर फिंगर प्लॉट. गेन व्होल्टेजसमोर सरळ रेषा येते. अंशामागे गेन किती घटतो भागिले व्होल्टमागे गेन किती वाढतो, हा तुमचा गुणांक. कॅलरीमीटरवर (कणांची ऊर्जा मोजणाऱ्या डिटेक्टरवर) काम करणाऱ्या गटांनी सर्न या युरोपीय प्रयोगशाळेत चेंबरात हेच केलं, २० ते ३० अंशांत गेन ±०.५ टक्क्यांत ठेवायचं उद्दिष्ट धरून. पद्धतीत गुपित काही नाही, चिकाटी आहे.

माझा आकडा शेवटी ५४.६ आला. साठ नव्हे.

भरपाईने काय होणार नाही

गेन स्थिर झाला तरी डार्क काउंट (डार्क पल्सची संख्या) तापमानाबरोबर वाढणारच, आठ-दहा अंशांना साधारण दुप्पट. एका फोटोइलेक्ट्रॉनच्या थ्रेशोल्डवर दुपारी दर वाढलेला दिसला तर भरपाई फसली असं समजू नका. ज्यांना हा आवाजही नको असतो ते थंड करतात. सर्नच्या एलएचसीबी प्रयोगाच्या सायफाय ट्रॅकरमध्ये एसआयपीएम उणे ४० अंशांपर्यंत नेलेत, कारण तिथे किरणोत्साराने सेन्सरचा डार्क काउंट अफाट वाढतो. तिथल्याच सीएमएस प्रयोगाच्या क्रिस्टल कॅलरीमीटरमध्ये एसआयपीएम नाहीत, एपीडी (अ‍ॅव्हलांच फोटोडायोड) आहेत, पण तत्त्व तेच: तिथे प्रकाशही आणि गेनही, दोन्ही अंशामागे दोन-दोन टक्क्यांनी घसरतात, म्हणून भरपाई न करता पाण्याने सगळंच १८ अंशांवर धरलंय, बदल एका अंशाच्या विसाव्या भागात.

आपल्याकडे पेल्टिये (विजेवर थंड करणारी चकती) लावून थंड करायचा मोह आवरा. मुंबई-कोकणात पावसाळ्यात ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असली की दवबिंदू २६ अंशांवर असतो. सेन्सर २० वर नेलात की त्यावर पाणी धरणारच, आणि ५६ व्होल्टच्या बोर्डावर ओलावा म्हणजे गळती करंट, म्हणजे पुन्हा तो १० किलोओहमचा रेझिस्टर. थंड न करतासुद्धा जुलैत हे होतं. बोर्डाला कोटिंग करा, फ्लक्स स्पिरिटने नीट पुसा, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि त्या महिन्याला एकदा तव्यावर भाजून घ्या.

आणि बायस हलवणं शक्यच नसेल, सप्लाय जुना असेल, तर तापमान नोंदवून नंतर विश्लेषणात दुरुस्ती करता येते. पीक जागेवर येतो. पण गेन पडला तेव्हा थ्रेशोल्डखाली गेलेले इव्हेंट परत येत नाहीत, त्यामुळे दर मोजायचा असेल तर हा रस्ता नको.

आमचा डबा आता महिनाभर ०.६ टक्क्यांत आहे. उरलेला हेलकावा वीस मिनिटांच्या तालात येतो, तो एसीच्या कंप्रेसरचा. त्याच्यामागे मी लागलेलो नाही.